जबाबदारीचा सातबारा कोणाच्या नावावर?

(स्मृती व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाला कचेरीतल्या फायलीचा वास येतो, याची मला कल्पना आहे. माणसांवर संशोधन करणारी संस्था त्या माणसांचे संरक्षण नीट करते की नाही, हे बाहेरच्या कोणीतरी तपासून प्रमाणित करायचे, याला अधिस्वीकृती म्हणतात. अशा अधिस्वीकृतीसाठी अर्ज करायला कोणती संस्था पात्र, एवढाच आजचा प्रश्न आहे. विषय फायलीचा आहे, तर एका खऱ्या फायलीपासूनच सुरुवात करू.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या आरोग्य खात्याकडे एका नवीन नैतिकता समितीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासून मंजुरी देणाऱ्या समितीची, कागदपत्रे गेली. पत्ता अ‍ॅरिझोना राज्यातल्या ‘चीट्सव्हिल’ नावाच्या गावाचा. समितीवरच्या मंडळींची आडनावे आपल्याकडे निर्बुद्धे, फसवे असावीत तशा थाटाची. एका पदाधिकाऱ्याचे नाव ‘ट्रूपर डॉग’, म्हणजे चक्क एका कुत्र्याच्या नावावरून बेतलेले. खात्याने समितीची नोंदणी करून टाकली. फोन नाही, चौकशी नाही, नकाशात गाव शोधणे नाही. हा सापळा होता. तो लावला होता अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या सरकारी तपासयंत्रणेने, आणि मार्च २००९मध्ये संसदीय उपसमितीपुढे त्याची जाहीर वाच्यता झाली.

त्याच यंत्रणेने दुसरा सापळाही लावला होता. शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या पोकळीत सुमारे लिटरभर जेल ओतायचे, असे एक काल्पनिक उपकरण तयार करून त्याच्या चाचणीचा प्रस्ताव तीन खासगी, शुल्क घेणाऱ्या नैतिकता समित्यांकडे पाठवला. दोघींनी धोका ओळखून नकार दिला. कोलोरॅडोतल्या ‘कोस्ट’ नावाच्या तिसऱ्या समितीने मंजुरी दिली. प्रस्ताव खोटा, कंपनी खोटी, प्रमुख संशोधक खोटा. खरी होती फक्त मंजुरी. बभ्रा झाल्यावर ती समिती काही आठवड्यांतच बंद पडली.

या प्रकरणावर हसू येते, पण त्यातून एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. नोंदणी म्हणजे वहीत नाव चढणे. वहीत नाव चढवणारा कारकून तुमचा अर्ज पुरा भरला आहे की नाही, एवढे पाहतो. अधिस्वीकृती देणाऱ्याला मात्र दारात उभे राहून विचारावे लागते की आत कोण राहते, घर कोणाचे, आणि काही झाले तर बाहेर कोण येईल. म्हणून अधिस्वीकृतीच्या व्यवस्थेत पात्रतेचा प्रश्न पहिला येतो आणि तोच सर्वांत अवघडही असतो.

खऱ्या समित्या, खरे मृत्यू

खोट्या समितीपासून सावध राहणे तसे सोपे. अमेरिकेला अधिस्वीकृतीकडे ढकलले ते खऱ्या, प्रतिष्ठित संस्थांमधल्या घटनांनी.

१७ सप्टेंबर १९९९ रोजी जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकीय उपचारांच्या चाचणीत दगावला. त्याला यकृताचा एक दुर्मीळ जन्मजात विकार होता. पण औषधे आणि पथ्य यांच्या आधारावर तो बऱ्यापैकी जगत होता. चाचणीतून त्याला स्वतःला बरे वाटण्याची अपेक्षा नव्हती. हा विकार घेऊन जन्मणाऱ्या बाळांना पुढे उपयोग होईल म्हणून तो आला होता. इंजेक्शननंतर चार दिवसांत तो गेला. चौकशीत संमतीपत्रातल्या त्रुटी निघाल्याच, शिवाय आणखी एक गोष्ट पुढे आली. या संशोधनाशी संबंधित खासगी कंपनी प्रमुख संशोधकाने स्थापन केलेली होती आणि विद्यापीठाचेही तिच्यात भागभांडवल होते. आता सांगा, विद्यापीठाच्याच इमारतीत, विद्यापीठाच्याच पगारावर बसणाऱ्या समितीने या गुंत्याचे काय करायचे? समिती प्रस्ताव तपासू शकते. मालकाचे शेअर्स विकू शकत नाही.

पुढची घटना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली. जून २००१मध्ये एलन रोश ही चोवीस वर्षांची तरुणी दम्याच्या अभ्यासात हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे घेतल्यानंतर मरण पावली. ती निरोगी स्वयंसेवक होती, आणि हॉपकिन्सच्याच दमा केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नोकरीला होती. या रसायनाचा फुप्फुसांवर होणारा परिणाम सांगणारे लेख १९५०च्या दशकात छापून आलेले होते. संशोधकाच्या शोधात ते सापडले नाहीत आणि समितीनेही त्याबद्दल पुरेसे विचारले नाही. जुलैमध्ये सरकारी नियामकाने या विद्यापीठातले संघराज्य सरकारच्या निधीवरचे जवळपास सगळे मानवी संशोधन काही दिवस थांबवले. अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेवर ही वेळ आली.

त्याच वर्षी हॉपकिन्सचे नाव आपल्याकडेही गाजत होते. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या २६ रुग्णांवर एका नवीन रसायनाचा प्रयोग झाला होता, आणि त्यात हॉपकिन्सच्या एका प्राध्यापकांचा सहभाग होता. विद्यापीठाने केलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की त्या संशोधनाला विद्यापीठाच्या कोणत्याही समितीची मंजुरी नव्हती. समित्या होत्या, नियम होते, शिक्के होते. पण आपले लोक दुसऱ्या देशात जाऊन काय करतात याचा हिशेब ठेवणारी संस्था म्हणून विद्यापीठ जागे नव्हते.

या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर २००१मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अधिस्वीकृतीविषयी अहवाल दिला, आणि त्याच वर्षी विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये, संशोधक आणि रुग्ण यांच्या सात राष्ट्रीय संघटनांनी मिळून एक स्वतंत्र संस्था उभी केली. तिचे नाव लांबलचक आहे: असोसिएशन फॉर द अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ ह्यूमन रिसर्च प्रोटेक्शन प्रोग्रॅम्स. मी तिला नुसते ‘असोसिएशन’ म्हणेन. ती सरकारी नाही, आणि तिच्याकडे जाणे ऐच्छिक आहे. पहिली प्रमाणपत्रे २००३मध्ये दिली गेली. प्रमाणपत्र आधी तीन वर्षांसाठी मिळते, पुढचे नूतनीकरण पाच वर्षांचे. आज तिच्या यादीत अमेरिकेबाहेरच्या संस्थाही आहेत.

अर्जदार कोण?

या असोसिएशनने पात्रतेच्या बाबतीत एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते त्या निर्णयातच सारे सार आहे. ती प्रमाणपत्र एखाद्या संशोधकाला देत नाही आणि एखाद्या अभ्यासालाही देत नाही. ती ‘मानवी संशोधन संरक्षण कार्यक्रम’ तपासते, आणि हा कार्यक्रम ज्या संस्थेचा, ती संस्था अर्जदार. समिती हा त्या कार्यक्रमाचा एक भाग. तपासणीचे तीन विभाग आहेत: संस्था, नैतिकता समिती, आणि संशोधक व त्यांचे कर्मचारी. क्रम पाहा. संस्था पहिली आहे.

अर्ज करणाऱ्या संस्थांचे प्रकार भरपूर आहेत. विद्यापीठे आणि रुग्णालये तर आहेतच. सरकारी संशोधन संस्था आहेत, कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या कंत्राटी संशोधन संस्था आहेत, शुल्क घेऊन प्रस्ताव तपासणाऱ्या स्वतंत्र समित्या आहेत. फायझरसारख्या औषध कंपनीनेही आपल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणी केंद्रांसाठी २००९मध्ये हे प्रमाणपत्र घेतले. स्वतःची नैतिकता समिती नाही, बाहेरच्या समितीवर अवलंबून आहोत, अशी संस्थाही अर्ज करू शकते. मात्र त्या समितीशी लेखी करार हवा आणि कोणी काय करायचे ते त्यात उघड लिहिलेले हवे. सूत्र एकच: संशोधन करणारा, तपासणारा किंवा चालवणारा, यांपैकी तुम्ही कोणीतरी असला पाहिजेत, आणि तुमच्या वाट्याचे काम तुमच्या ताब्यात असले पाहिजे.

हा ‘ताबा’ म्हणजे काय? गावाकडे जमिनीचा वाद निघाला की आधी सातबारा काढतात. शेत कसतो कोण, पीक नेतो कोण, आणि नाव कोणाचे, हे तिन्ही वेगळे असू शकतात, म्हणून. संशोधनातही तेच होते. चाचणी कसतो संशोधक, पीक नेतो प्रायोजक, परवानगी देते समिती. आणि मालकीच्या रकान्यात पाहायला गेले तर बऱ्याचदा कोणाचेच नाव नसते.

माझ्या मते पात्रतेची परीक्षा म्हणजे हा रकाना भरून घेणे. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, अर्जदाराला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व हवे. न्यास, कंपनी, विद्यापीठ, महापालिका, काहीही चालेल. पण ज्याच्यावर नोटीस बजावता येते आणि ज्याच्याकडून भरपाई वसूल होऊ शकते, असा कोणीतरी हवा. ‘आमचा विभाग’, ‘आमचा प्रकल्प’, ‘आमचे कन्सोर्टियम’ ही नावे लेटरहेडवर शोभतात. कोर्टात उभी राहत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिकाराची. या संस्थेला संशोधन थांबवता येते का? कागदावरच्या अधिकाराबद्दल मी बोलत नाही. मोठे अनुदान घेऊन आलेल्या, वर्तमानपत्रात फोटो येणाऱ्या प्राध्यापकाला ‘उद्यापासून नवीन रुग्ण घ्यायचे नाहीत’ असे सांगू शकणारी व्यक्ती संस्थेत आहे का, आणि तसे सांगितल्यावर तिची खुर्ची राहते का?

तिसरी गोष्ट व्याप्तीची. कार्यक्रमात संस्थेचे सगळे मानवी संशोधन यायला हवे, पैसा कोठूनही आलेला असो. परदेशी निधीचे अभ्यास एका काट्यावर तोलायचे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध दुसऱ्या, हे चालत नाही. प्रबंधासाठी काढलेले रक्तही रक्तच असते.

चौथी अट दिसायला अगदी व्यावहारिक आहे. काम प्रत्यक्ष चालू हवे. उद्या करणार आहोत म्हणून आज प्रमाणपत्र द्या, हे जमत नाही. तपासणीला येणारे लोक फायली उघडतात, समितीच्या सदस्यांशी बोलतात, संशोधकांना आणि अगदी खालच्या कर्मचाऱ्यांनाही प्रश्न विचारतात. कोरे नियमपुस्तक कितीही सुबक असले तरी त्यावरून काही कळत नाही. एखादी तक्रार आली तेव्हा संस्थेने काय केले, यावरून बरेच कळते.

आपल्याकडे

आता आपल्याकडे वळू. २००९मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस हजारो मुलींना देण्यात आली. मुली १० ते १४ वर्षांच्या. खम्ममच्या मुलींपैकी अनेक आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या. लशी दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांनी फुकट दिलेल्या. कार्यक्रम ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा, भागीदार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि टोचणारे राज्य सरकारांचे आरोग्य कर्मचारी. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला गेला. ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पण ऑगस्ट २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने दिलेल्या अहवालाने जी पद्धत उघड केली, ती मृत्यूंच्या कारणापेक्षा वेगळी आणि स्वतंत्रपणे गंभीर होती. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि १,९४८ पत्रांवर अंगठे.

त्यानंतरचा वाद आठवून पाहा. हे संशोधन होते की नव्हते, यावरच तो अडला. ‘ही चाचणी नव्हे, प्रात्यक्षिक प्रकल्प आहे; लस तर आधीच परवाना मिळालेली आहे,’ असा एक पक्ष. चाचणी नाही, तर चाचणीचे नियम नाहीत. नियम नाहीत, तर दुष्परिणाम नोंदवण्याची आणि भरपाईची जबाबदारीही धूसर. परदेशी संस्था म्हणणार, राबवले राज्याने. राज्य म्हणणार, मान्यता दिल्लीची. प्रत्येकाचा हात लागलेला आणि प्रत्येकाचा हात वर! अशा वेळी अधिस्वीकृतीची पात्रता तपासणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारले असते की यातला अर्जदार कोण, आणि उत्तर आले नसते तर पहिली लस टोचण्याआधीच घोळ दिसला असता.

२०१३ हे वर्ष आपल्याकडे निर्णायक ठरले. इंदूरमध्ये रुग्णांवर झालेल्या औषध चाचण्यांवरून ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने सरकारला चांगलेच फैलावर घेतले. वर्षाच्या सुरुवातीलाच भरपाईचे नियम आले आणि औषध चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना नोंदणी सक्तीची झाली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या डॉ. रणजित रॉय चौधुरी समितीने एक पाऊल पुढे जाऊन शिफारस केली की समिती, संशोधक आणि चाचणीचे केंद्र या तिघांनाही अधिस्वीकृती असावी. मार्च २०१९मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू झाले. त्यांनुसार समितीत किमान सात सदस्य, त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असलेच पाहिजेत. गंभीर प्रतिकूल घटना संशोधकाने २४ तासांत कळवायची, तिचे विश्लेषण १४ दिवसांत द्यायचे. भरपाईच्या सूत्रात पायाभूत रक्कम ८ लाख रुपये धरलेली आहे. औषधाच्या पलीकडच्या जैववैद्यकीय संशोधनाच्या समित्यांनाही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. हे काही कमी नाही. अनेक देशांना अजून एवढे जमलेले नाही.

पण या सगळ्या बांधकामाचा भार कोणावर टाकला आहे पाहा. समितीवर. नोंदणी समितीची, निलंबन समितीचे, ओरड झाली की खापर समितीवर. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालचे एनएबीएच हे मंडळ आता ऐच्छिक अधिस्वीकृती देते. त्यात समितीबरोबर संशोधक आणि केंद्र यांचाही विचार आहे, ही चांगली गोष्ट. तरी प्रत्यक्षात रुग्णालयांचा उत्साह समितीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरता असतो. संस्थेच्या कार्यकारी मंडळाला विचारा, तर ‘ते एथिक्सवाले बघतात’ असे उत्तर मिळते.

हे एथिक्सवाले कोण असतात? औषधशास्त्राचे एक प्राध्यापक सदस्य सचिव, त्यांच्या हाताखाली अर्धवेळ कारकून, आणि गठ्ठ्याने येणारे प्रस्ताव. निवृत्त न्यायाधीश, समाजसेविका, दुसऱ्या कॉलेजातले सर, असे लोक दुपारी तीन वाजता चहा-बिस्किटांसह जमतात आणि प्रामाणिकपणे वाचतात. मुंबईत आणि पुण्यात अत्यंत जागरूक समित्या मी पाहिल्या आहेत. पण मंजुरी दिल्यानंतर वॉर्डात काय घडते ते पाहायला या मंडळींना गाडी कोणी द्यायची? विमा उतरवला की नाही, हे करार वाचून कोणी सांगायचे? चाचणीचे रोजचे काम पाहणारा कोऑर्डिनेटर बाहेरच्या एजन्सीचा पगारी माणूस असेल, तर त्याचा साहेब कोण? ही समितीची कामे नाहीत. ही संस्थेची कामे आहेत, आणि संस्थेला त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ५० किलोमीटरच्या नियमात आहे. ज्या केंद्राला स्वतःची समिती नाही, त्याला त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या समितीची मंजुरी घेऊन चाचणी करता येते. लहान रुग्णालयांसाठी ही सोय गरजेची आहे. नाहीतर चाचण्या आणि त्यांचे लाभ फक्त महानगरांत अडकतील. पण ज्या २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री एकच नर्स असते, तिथे काही घडले तर ५० किलोमीटरवरची समिती सकाळी कळल्यावर काय करणार? नियमाने अंतर मोजले. मोजायला हवी होती ती त्या नर्सिंग होमची तयारी.

प्रमाणपत्र कुठे थांबते

इथे एक इशारा द्यायला हवा. अधिस्वीकृतीकडून तिला न झेपणारी अपेक्षा करू नका. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेतो. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाच्या आसपास स्त्रियांवर असाच अभ्यास केला, त्यात आरोग्यसेविका व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी तपासणी करत. मुंबईच्या अभ्यासात तपासणी झालेल्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जगभरच्या गरीब देशांना उपयोगी पडेल असे हे ज्ञान होते. पण दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी एक गट असा होता, ज्याला ही तपासणी मिळाली नाही. गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीचा उपयोग आधीच माहीत असताना असा गट ठेवणे योग्य होते का, यावर नामवंतांमध्ये कडाक्याचा वाद झाला. तक्रार अमेरिकी नियामकापर्यंत गेली. संशोधकांचे म्हणणे होते की त्या काळी भारतात संघटित तपासणी कुठेच नव्हती, त्यामुळे तुलनेच्या गटाकडून काहीही काढून घेतलेले नाही.

दोन्ही बाजूंनी विचारी माणसे उभी आहेत. जगातले कोणतेही प्रमाणपत्र हा वाद मिटवू शकत नाही. अधिस्वीकृतीने एवढेच होते की असा प्रश्न अभ्यासाच्या आधी कोणीतरी विचारला, त्यावर मतभेद नोंदवले गेले, त्या तुलना गटातल्या बाईला तिच्या भाषेत खरे ते सांगितले गेले, आणि निष्कर्ष हाती आल्यावर तिच्यापर्यंत ती तपासणी पोहोचवण्याची जबाबदारी कोणावर तरी लिहिलेली होती, हे तपासता येते. निर्णय चुकू शकतो. तो बेवारस असू नये, इतके आपण मागू शकतो.

दार किती रुंद?

आता तुमच्या मनातला आक्षेप. हे सगळे मोठ्यांना परवडते. ज्यांच्याकडे माणसे आहेत, पैसा आहे, इंग्रजीत कार्यपद्धती लिहून देणारे सल्लागार आहेत, तेच पात्र ठरतील, आणि गडचिरोलीत किंवा मेळघाटात काम करणारी छोटी संस्था बाहेर राहील. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पुढे देशाच्या आरोग्य धोरणाचा भाग झाला. ३९ गावांत हस्तक्षेप, ४७ गावे तुलनेला. असे काम मोठ्या रुग्णालयातून झाले नसते. उद्या प्रमाणपत्राच्या ओझ्याखाली असे काम गुदमरणार असेल, तर ती व्यवस्था लोकांच्या संरक्षणाची नाही, मोठ्यांच्या संरक्षणाची ठरेल.

शिवाय दुसरा धोका आहे. पात्रता फार आवळली तर ज्यांच्यावर नजर ठेवण्याची सर्वाधिक गरज, तेच बाहेर राहतात आणि बाहेर राहून काम चालूच ठेवतात. आरोग्यविषयक माहिती गोळा करणाऱ्या मोबाइल अ‍ॅप कंपन्या, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, समाजकार्य महाविद्यालयांचे प्रकल्प, यांतल्या कितीतरी जणांना आपण ‘मानवी संशोधन’ करतो हे मान्यच नसते. समाजशास्त्रीय आरोग्य संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २०००मध्येच नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती. ती वाचणारे आहेत. ती पाळली जातात का, हे दारावर विचारणारे कोणी नाही.

म्हणून माझी मांडणी अशी. अर्ज करण्याची मुभा सैल असावी, तपासणी कडक. छोट्या संस्थांना अर्जापासून रोखू नका. त्यांना एकत्र अर्ज करू द्या. एका जिल्ह्यातली चार रुग्णालये, दोन स्वयंसेवी संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालय मिळून एक समिती, एक तक्रार कक्ष आणि एक प्रशिक्षित अधिकारी चालवू शकतात. फक्त कोणत्या कामाला कोण जबाबदार, हे करारात लिहिलेले हवे. त्याचा खर्च प्रायोजकांनी भरावा, पण थेट समितीच्या हातात नव्हे, सामाईक निधीत, म्हणजे मंजुरी आणि मोबदला यांची गाठ पडणार नाही. पहिल्या तपासणीत त्रुटी निघाल्या तर दारातून हाकलण्याऐवजी मुदत द्या, आणि त्या मुदतीत धोक्याचे अभ्यास घेऊ देऊ नका. आणि तपासणीचा अहवाल लोकांना वाचता येईल अशा मराठीत संस्थेच्या फलकावर लावा. गुप्त अहवालाचा उपयोग फक्त ज्याच्याबद्दल तो आहे त्यालाच होतो.

एक गोष्ट मात्र सैल सोडता येणार नाही. अर्जावर सही संस्थेच्या सर्वोच्च माणसाची हवी. अधिष्ठात्यांची, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांची, आयुक्तांची, कंपनीच्या प्रमुखांची. समितीच्या सचिवांची नव्हे. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली आणि नेमणुकीचा अधिकार, त्याची सही. एवढा एक बदल केला, तर उरलेले पुष्कळसे आपोआप हलू लागेल, असे मला वाटते. कारण सही करणारा माणूस विचारतो, ‘मी नेमके कशावर सही करतोय?’

श्रोत्यांत संस्थाचालक असतील, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या संस्थेत आत्ता माणसांवर किती अभ्यास चालू आहेत, याची यादी उद्या मागवा. ती आठवडाभरात आली नाही, तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले. आली, तर यादीतल्या कोणत्याही एका अभ्यासातल्या सहभागी व्यक्तीला रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल, उपचाराचा खर्च कोण देईल, आणि तो अभ्यास थांबवायचा झाला तर हुकूम कोण काढेल, हे तिथल्या संशोधकाला आणि तिथल्या नर्सलाही वेगवेगळे विचारा. दोघांची उत्तरे जुळली पाहिजेत. आणि श्रोत्यांत असेही लोक असतील, ज्यांना उद्या कोणी संमतीपत्रावर सही मागेल. त्यांनीही हेच विचारावे. तो त्यांचा हक्क आहे, आणि विचारल्याने उपचारात काही कमी होऊ नये हाही हक्कच आहे.

ज्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, ती अधिस्वीकृतीला अपात्र ठरते, हे तर उघडच आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. अधिस्वीकृती ऐच्छिक असेल. माणसांवर संशोधन करण्याची पात्रता ऐच्छिक नसते. हे प्रश्न ज्या संस्थेने स्वतःला विचारलेले नाहीत, तिने माणसांवर संशोधन करू नये.